मुलाला कॉलेज फुटबॉलची ऑफर आलीय, कोच म्हणतात "आम्ही टीव्हीवर दिसतो". याला किती महत्त्व द्यायचं?

प्लेनोकर_बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. मुलगा हायस्कूलला ज्युनियर आहे, म्हणजे आपली अकरावी, आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये सेफ्टी (बचावातली सगळ्यात मागची जागा) खेळतो. मी मूळचा साताऱ्याचा, कबड्डी आणि क्रिकेट सोडून आयुष्यात काही बघितलेलं नव्हतं, पोराने सातवीत हेल्मेट घरी आणलं तेव्हापासून त्याच्या शेजारी बसून हा खेळ शिकलो आणि आता शुक्रवारची रात्र म्हणजे आमच्या घरात सणच असतो.

तर त्याला दोन ऑफर आल्यात. एक मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधलं (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) कॉलेज आहे, तिकडे ओहायो-मिशिगनच्या पट्ट्यात, म्हणजे बघायला जायचं तर विमानानेच. दुसरं टेक्सासमधलंच, गाडीने चार तास, पण ते एक पायरी खाली, एफसीएसमध्ये खेळतं. गेल्या महिन्यात पहिल्या कॉलेजचा कॅम्पस बघायला गेलो होतो. तिथल्या असिस्टंट कोचनी तासभर छान वेळ दिला, पण त्यातला अर्धा तास फक्त टीव्हीवरच बोलले. नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री दुसरं कुणी खेळत नसतं, अख्खा देश आम्हालाच बघतो, एनएफएलचे (प्रोफेशनल लीगचे) लोकपण बघतात, तुमच्या आई-वडिलांना घरबसल्या नातू दिसेल वगैरे. दुसऱ्या कॉलेजच्या मॅचेस फक्त मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर स्ट्रीम होतात. पण तिथले कोच मुलाला नववीपासून ओळखतात आणि पहिल्या वर्षापासून खेळवू म्हणतात.

मुलाचं म्हणणं, "बाबा, टीव्हीवर नाही ते कॉलेज फुटबॉलच नाही." त्याच्या सगळ्या मित्रांचं हेच चाललेलं असतं, कोण कुठल्या चॅनलवर, कोण प्राइमटाइमला. मला कळत नाहीये की टीव्हीवर दिसल्यामुळे टीमला चांगली पोरं मिळतात, की चांगली पोरं असतात म्हणून टीव्ही त्यांना दाखवतो? आणि हे सगळं खरं धरलं तरी त्याचा माझ्या मुलाला काय उपयोग? इथे बरेच जण अमेरिकेत शिकलेले आहात, काही जणांची मुलं खेळलेलीही असतील. जरा सांगा.

अथेन्स_ओहायो

बाबा, आधी मुलाचं अभिनंदन! सेफ्टीला ऑफर येणं सोपं नसतं.

मी अथेन्सला ओहायो युनिव्हर्सिटीत पीएचडी केली, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच कॉन्फरन्समध्ये पाच वर्षं काढली, त्यामुळे हा मंगळवार-बुधवारचा प्रकार जवळून बघितलाय. कोच खोटं बोलत नाहीयेत. शनिवारी दुपारी मिशिगन खेळतं, ओहायो स्टेट खेळतं, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास सगळे खेळतात, त्या गर्दीत अथेन्स किंवा टोलेडोकडे बघणार कोण? म्हणून या कॉन्फरन्सने ठरवलं की ज्या रात्री कुणी खेळत नाही त्या रात्री आपण खेळायचं. २०१४ मध्ये ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलबरोबर १३ वर्षांचा करार केला आणि नोव्हेंबरचे मंगळवार-बुधवार त्यांना देऊन टाकले. देशभरात ज्याला कुणाला त्या रात्री फुटबॉल बघायचंय त्याला हेच बघावं लागतं, आणि लोक बघतात, आवडीने बघतात.

पण त्याची किंमत काय असते ते स्टँडमध्ये बसून कळतं. नोव्हेंबरमधली मंगळवारची रात्र, थंडी हाडात शिरलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला क्लास, हाफटाइमला विद्यार्थी निघून जातात. टीव्हीवर तुम्हाला पोरगा दिसेल पण त्याच्या मागे रिकामे बाकही दिसतील. गावातला दुकानदार, जुने माजी विद्यार्थी जे शनिवारी दोन तास गाडी चालवून आले असते ते आठवड्याच्या मधल्या वारी येत नाहीत. आणि मुलांच्या अभ्यासाचं म्हणाल तर बुधवारी रात्री दुसऱ्या राज्यात मॅच असेल तर तो आठवडा गेलाच म्हणायचा. हे कॅम्पस दाखवताना सांगत नाहीत.

पैशाचंही सांगतो. टीव्हीमुळे पैसा येतो हे खरं, पण तो मोठ्यांना. या कॉन्फरन्समध्ये एका कॉलेजच्या वाट्याला त्या करारातून वर्षाला दहा लाख डॉलर्सही येत नाहीत, आणि बिग टेनमधल्या (मिशिगन, ओहायो स्टेट ज्यात आहेत ती मोठी कॉन्फरन्स) कॉलेजला कॉन्फरन्सकडून सहा कोटींच्या आसपास मिळतात. राज्य तेच, खेळ तोच, दोन तासांच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे टीव्ही म्हणजे कमाई नाही, जाहिरात आहे.

जाहिरात म्हणून ती चालते का, तर काही वेळा फार चालते. खलील मॅकचं उदाहरण मुलाला माहीत असेलच. बफेलोचा लाइनबॅकर, २०१३ च्या पहिल्याच मॅचला ओहायो स्टेटच्या मैदानावर गेला, अडीच सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं) आणि एक इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास पकडणं) थेट टचडाउनपर्यंत नेलं, टीम हरली ४०-२० ने पण त्या दुपारी देशाला त्याचं नाव कळलं आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) पाचव्या नंबरला गेला. पण बारकाईने बघा, ती मॅच मंगळवारची नव्हती. मोठ्या टीमच्या घरी जाऊन खेळलेली होती. एफसीएसवाल्या टीमसुद्धा वर्षातून एखादी अशी मॅच खेळतात, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजला हेही विचारा की येत्या तीन वर्षांत कुणाकुणाकडे जाणार आहात.

नॉर्मनचा_पेट्रोलवाला

मी पुण्यातून पेट्रोलियम इंजिनियरिंग करून ओक्लाहोमाला मास्टर्सला आलो आणि इथेच राहिलो. आमच्या नॉर्मनमध्ये शनिवारी मॅच असली की रस्त्यावर चिटपाखरू नसतं, जे काय असतं ते स्टेडियममध्ये. तुमच्या "आधी टीव्ही की आधी पोरं" या प्रश्नावर बोलायचं तर थोडं मागे जावं लागेल कारण हा वाद माझ्याच युनिव्हर्सिटीने सुप्रीम कोर्टात नेला होता.

१९५० च्या दशकापासून १९८३ पर्यंत कुणाची मॅच टीव्हीवर दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशातली संघटना, ठरवायची. त्यांना भीती की लोक घरी बसून बघतील आणि स्टेडियम ओस पडेल (वर अथेन्सवाल्यांनी सांगितलं ते बघता भीती अगदीच खोटी नव्हती). शेवटी शेवटी नियम असा होता की दोन वर्षांत कुठल्याही टीमने सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दिसायचं नाही आणि त्यातलेही देशभर फक्त चार. कारण काय द्यायचे, तर सगळ्यांना समान संधी, नाहीतर दोन-चार टीमच सगळी चांगली पोरं पळवतील. म्हणजे टीव्ही आणि रिक्रूटिंगचा (पोरं मिळवण्याचा) संबंध तेव्हाच सगळ्यांना माहीत होता, नियमातच लिहिलेला होता म्हणा ना.

१९८१ चा एक किस्सा कोर्टाच्या निकालपत्रातच आहे. एका वीकेंडला ओक्लाहोमा विरुद्ध यूएससी, दोन्ही देशातल्या सगळ्यात वरच्या टीम, मॅच दोनशेच्या वर स्टेशन्सवर दाखवली. त्याच वीकेंडला सिटाडेल विरुद्ध अॅपलाचियन स्टेट, फक्त चार स्टेशन्सवर. आणि चारही कॉलेजांना सारखेच पैसे मिळाले! ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन युनिव्हर्सिटींनी केस केली, जून १९८४ मध्ये ७ विरुद्ध २ ने जिंकले. निकाल लिहिला जस्टिस स्टीव्हन्सनी, आणि विरोधात लिहिणारे बायरन व्हाइट, जे स्वतः कोलोरॅडोचे नावाजलेले फुटबॉलपटू होते आणि प्रोफेशनलही खेळले होते. त्यांचं म्हणणं होतं की हा नुसता धंदा नाही, शिक्षणसंस्थांचा खेळ आहे, याला बाजाराच्या ताब्यात देऊ नका. मी ओक्लाहोमाचा असूनही आज वाटतं की व्हाइटसाहेबांना पुढचं दिसत होतं. (पहिल्या वर्षी तर पैसा उलट कमी झाला कारण एकदम इतक्या मॅचेस विकायला आल्या की भाव पडला.)

टीव्ही किती महत्त्वाचा याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या मते हा, की एनसीएए शिक्षा म्हणून टीव्ही बंद करायची. आमचीच टीम १९७४ ला अपराजित, पण शिक्षेमुळे एकही मॅच टीव्हीवर नाही. ऑबर्नची टीम १९९३ ला ११-० (अकरा जिंकल्या, हरली एकही नाही) आणि घरात कुणाला दिसले नाहीत. स्कॉलरशिप कापायच्या, बोल मॅच (सीझननंतरची मानाची मॅच) बंद करायची आणि तिसरी शिक्षा हीच की तुम्हाला कुणी बघणार नाही.

आता उलटी बाजू. बॉइसी स्टेट. आयडाहोतलं कॉलेज, १९८६ मध्ये मैदान निळं केलं, लोक चॅनल बदलता बदलता निळा रंग दिसला की थांबायचे. मग आठवड्यातल्या कुठल्याही वारी ईएसपीएन म्हणेल तेव्हा खेळायचे. १ जानेवारी २००७ ला फिएस्टा बोलमध्ये त्यांनी आम्हाला ओव्हरटाइममध्ये ४३-४२ ने हरवलं. मी तेव्हा भारतात होतो पण इथल्या माझ्या गाइडला अजून तो शेवटचा स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा डाव झोपेत दिसतो. एवढं नाव झालं, एवढं टीव्हीवर दिसले, तरी रिक्रूटिंगच्या याद्यांमध्ये ते कधीच पहिल्या वीसात आले नाहीत. पाच-स्टारवाली पोरं तरीही अलाबामालाच गेली. बॉइसीने केलं काय, तर बाकीच्यांनी न घेतलेली पोरं नीट निवडली आणि चार-चार वर्षं घडवली. टीव्हीने त्यांना एवढंच दिलं की कोचने फोन केल्यावर समोरच्या घरात "बॉइसी? हे कुठे आलं?" असं कुणी विचारायचं बंद झालं. आणि हे कमी नाहीये, पण तेवढंच आहे.

कॉलेज_स्टेशन_१२

टेक्सासचा विषय निघालाय आणि लाँगहॉर्न नेटवर्कचं कुणी बोललं नाही!

बाबा, तुमच्याच राज्यातलं उदाहरण. २०११ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीला ईएसपीएनने स्वतःचं चॅनल काढून दिलं, २० वर्षांचे ३० कोटी डॉलर्स. दुसऱ्या कुणाकडे असं नव्हतं. सुरुवातीला त्यांचा प्लॅन असा की त्या चॅनलवर टेक्सासच्या हायस्कूलच्या मॅचेस पण दाखवायच्या. विचार करा, सतरा वर्षांच्या पोराला टेक्सास युनिव्हर्सिटीचं चॅनल स्वतः टीव्हीवर दाखवतंय, तो दुसरीकडे जाईल? बाकीच्या सगळ्या कॉलेजांनी आरडाओरडा केला आणि एनसीएएने त्याला मनाई केली.

पण पुढे काय झालं ते बघा. त्या चॅनलवर चिडून (कारणं आणखीही होती, पण हे मोठं) आमचं टेक्सास ए अँड एम २०१२ ला एसईसीत (अलाबामा, जॉर्जियाच्या कॉन्फरन्समध्ये) गेलं. पहिल्याच वर्षी ११-२, अलाबामाला त्यांच्या घरी जाऊन २९-२४ ने हरवलं, आमच्या मॅन्झेलला हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार). आणि टेक्सास? स्वतःचं २४ तासांचं चॅनल असून २०१४ ते २०१६ तिन्ही सीझनला जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. सुरुवातीला तर बऱ्याच केबलवाल्यांनी ते चॅनल घेतलंच नव्हतं. शेवटी २०२४ ला टेक्सासपण एसईसीत आलं आणि चॅनल बंद झालं.

माझं मत, पोरं चॅनल बघून जात नाहीत, शनिवारी समोर कोण आहे ते बघून जातात. टीव्हीने मॅच मोठी होत नाही. मोठी असते म्हणून टीव्ही येतो.

पुलमनची

कॉलेज_स्टेशन दादा, शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. आमच्याबरोबर काय झालं ते ऐका मग बोला.

मी वॉशिंग्टन स्टेटला होते, पुलमन, चारी बाजूंना गव्हाच्या टेकड्या आणि मध्ये युनिव्हर्सिटी. आम्हाला कुणी बघत नाही हे आम्हाला माहीत होतं म्हणून २००३ पासून आमच्या माजी विद्यार्थ्यांनी काय केलं, तर ईएसपीएनचा शनिवार सकाळचा गेमडे शो देशात जिथे कुठे असेल तिथे आमचा लाल झेंडा घेऊन मागे उभं राहायचं. दर आठवड्याला! झेंडा कुरियरने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथला कुणीतरी पहाटे उठून रांगेत उभा राहतो. आमची टीम तिथे खेळतही नसते. पंधरा वर्षांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये तो शो पुलमनला आला आणि त्या दिवशी आम्ही ऑरेगनला ३४-२० ने हरवलं. मी सिएटलहून पाच तास गाडी चालवून रात्रीच पोचले होते आणि पहाटे त्या गर्दीत रडले होते. एका टीव्ही शोसाठी का रडायचं असं घरचे म्हणाले. पण वर्षानुवर्षं कुणाला दिसत नसलेल्या गावाला विचारा.

आता मुद्दा. आमच्या पॅक-१२ कॉन्फरन्सने २०१२ ला स्वतःचं नेटवर्क काढलं, मालकी पूर्ण स्वतःकडे ठेवली. बिग टेन आणि एसईसीने फॉक्स आणि ईएसपीएनला बरोबर घेतलं, आमच्यांनी नाही. परिणाम असा की डायरेक्ट टीव्हीवर ते कधी आलंच नाही, आणि ज्या मॅच बाकीच्या चॅनलवर असायच्या त्यातल्या बऱ्याच रात्री साडेसातला सुरू, म्हणजे न्यूयॉर्कचे साडेदहा. अर्धा देश झोपलेला. २०१५ ला स्टॅनफर्डच्या मॅककॅफ्रीने एका सीझनमध्ये ३,८६४ ऑल-पर्पज यार्ड (सगळ्या प्रकारे बॉल घेऊन कापलेलं अंतर) काढले, बॅरी सँडर्सचा रेकॉर्ड मोडला, तरी हाइझमन मिळाला नाही आणि मत देणाऱ्यांतले कितीतरी लोक त्याला बघायला जागेच नव्हते असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. आता कॅलिफोर्नियातल्या एखाद्या चांगल्या पोराच्या जागी स्वतःला ठेवा. तो बघतोय की इथे एवढं करूनही देशाला दिसत नाही. तो जाणारच ना ओहायोला, जॉर्जियाला? आणि गेलेच. दादा, आमच्या मॅचेस लहान नव्हत्या, दिसत नव्हत्या.

आणि शेवट सगळ्यांना माहीत आहे. यूएससी आणि यूसीएलए २०२२ मध्येच जातो म्हणाले. २०२३ च्या उन्हाळ्यात नवीन टीव्ही करार म्हणून हातात काय आलं, तर अॅपलची स्ट्रीमिंगची ऑफर, किती लोक पैसे भरून बघतील त्यावर कमाई. आधी कोलोरॅडो गेलं, मग ४ ऑगस्टला एका दिवसात पाच कॉलेजं गेली. पुढे आणखी दोन गेली. शंभर वर्षं जुनी कॉन्फरन्स, उरले आम्ही आणि ऑरेगन स्टेट. आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि तिथून एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला. त्याच्या जागी आलेला मटीर, तो एका वर्षाने ओक्लाहोमाला. कोचपण गेले. मुलांचं मी चुकीचं म्हणत नाही, कुणीही गेलं असतं. पण "चांगले असाल तर टीव्ही येतोच" हे मला कुणी सांगू नका.

नॉर्मनचा_पेट्रोलवाला

पुलमनताई, मटीर आमच्याकडे आला तेव्हा इथे दिवाळी होती आणि मी एकदाही विचार केला नाही की तिकडे काय वाटत असेल. झेंड्याची गोष्ट वाचून खरंच वाईट वाटलं.

बाबांच्या मुलासाठी मात्र कॅम वॉर्डच्या गोष्टीचा आधीचा भाग महत्त्वाचा आहे. तो टेक्सासचाच. हायस्कूलची टीम सतत बॉल घेऊन पळणारी, पास फार कमी टाकायची, त्यामुळे क्वार्टरबॅक म्हणून त्याला कुणी विचारलंच नाही, वरच्या पायरीची एकही ऑफर नव्हती. सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्डला गेला, म्हणजे एफसीएस, म्हणजे तुमच्या दुसऱ्या ऑफरसारखीच पायरी. तिथे पहिल्या वर्षापासून खेळला. तिथून पुलमन, तिथून मायामी, तिथून पहिला नंबर. टीव्ही त्याच्या वाट्याला अगदी शेवटी आला.

बोल्डर_रिटर्न

सगळे जुनं जुनं सांगतायत, कोलोरॅडोचं कुणी बोलत नाही. मी बोल्डरला चार वर्षं होतो.

२०२२ ला आमची टीम १-११. डिसेंबरमध्ये एनएफएलचे जुने स्टार डिऑन सँडर्स कोच म्हणून आले आणि एक मॅच खेळायच्या आधी आम्ही देशातली सगळ्यात जास्त चर्चेतली टीम झालो. पहिली मॅच तुमच्या बाजूलाच, फोर्ट वर्थला टीसीयूशी, जे त्याच वर्षी जानेवारीत नॅशनल फायनल खेळलेले, आणि आम्ही ४५-४२ ने जिंकलो. दोन आठवड्यांनी कोलोरॅडो स्टेटशी मॅच, डबल ओव्हरटाइम, ईस्ट कोस्टला रात्रीचे अडीच वाजले, तरी सरासरी ९३ लाख लोक बघत होते. मला कळत नव्हतं की ही तीच टीम आहे का जिच्या मॅचला मी मित्राला फुकट तिकीट देऊन ओढून न्यायचो.

सीझन संपला ४-८ ने. म्हणजे जिंकणं आधी आणि टीव्ही नंतर हे इथे पूर्ण उलटं झालं. आणि त्याचा फायदा झाला, पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) पोरं आली, पुढच्या वर्षी ९-४ आणि ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन. कोच स्वतः मुलांच्या घरी भेटायला जात नाहीत म्हणतात. बाकीचे कोच घरोघर फिरतात ते काम इथे टीव्हीने केलं.

पण बाबा, एक गोष्ट लक्षात घ्या. ती पोरं बहुतेक दुसऱ्या कॉलेजांतून तयार होऊन आलेली होती, हायस्कूलमधून थेट घेतलेली फार कमी. टीव्हीमुळे टीमला पोरं मिळाली ती अशी, आणि तुमच्या मुलासारख्या अकरावीतल्या पोराची जागा त्यात कमीच झाली. हे आता सगळीकडे होतंय. २०२१ पासून एकदा ट्रान्सफर केलं तर वर्षभर बसावं लागत नाही आणि आता तर कितीही वेळा करा. मिड-अमेरिकनमध्ये जो चांगला खेळतो त्याला मंगळवारी टीव्हीवर बिग टेनचे कोचही बघतात आणि सीझन संपला की तो जातो. तुमच्या मुलासाठी ही चांगली बातमी असेल किंवा वाईट, तो मैदानात आहे की बाकावर त्यावर ठरेल.

दोन_मुलांची_आई

मी एकटीच दिसतेय जी कॉलेजच्या बाजूने नाही, आईच्या बाजूने लिहितेय. आम्ही कोलंबसला असतो. माझा मोठा मुलगा एफसीएसमध्ये चार वर्षं खेळला, बहिणीचा मुलगा मोठ्या टीव्हीवाल्या कॉलेजात गेला. दोघांची नावं, कॉलेजं सांगत नाही.

भाचा गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी शनिवारचे प्लॅन बदलले. पहिल्या मॅचला पंधरा जण आमच्या हॉलमध्ये, मी पावभाजी केली होती. कॅमेरा बाजूला फिरला तेव्हा दोन सेकंद तो दिसला, हेल्मेट हातात, बाकासमोर उभा. आम्ही ओरडलो. तीन वर्षं तो तसाच दिसला. त्याच्या जागेवर दरवर्षी पोर्टलमधून नवीन मुलगा आणायचे. माझी आई चिंचवडहून फोनवर विचारायची, "खेळला का गं?" आणि बहीण विषय बदलायची. तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून सोडलं. हुशार मुलगा, आता चांगल्या नोकरीत आहे, पण फुटबॉल बघत नाही. चॅनल लागलं की उठून जातो.

माझ्या मुलाच्या मॅचेस लॅपटॉपवर दिसायच्या, एकच कॅमेरा, कॉमेंटेटर बहुतेक तिथलाच विद्यार्थी, कधी कधी आवाज जायचा. पण चार वर्षांत मी त्याला प्रत्येक मॅचमध्ये खेळताना बघितलं.

म्हणून मी सांगेन की टीव्ही बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे हे विचारा. सेफ्टीच्या जागेवर आत्ता कोण कोण आहे, कुठल्या वर्षात आहे. गेल्या दोन वर्षांत त्या जागेवर पोर्टलमधून किती घेतले. ज्या कोचनी ऑफर दिली ते किती वर्षं तिथे आहेत, कारण कोच गेले की शब्द गेला. आणि स्कॉलरशिप पूर्ण आहे की थोडी. एफसीएसमध्ये बऱ्याचदा एक स्कॉलरशिप दोघा-तिघांत वाटून देतात, हे आम्हाला सही करायच्या वेळी कळलं होतं, फी, होस्टेल, जेवण सगळं धरून आकडा कागदावर मागा. या बाबतीत पहिलं कॉलेज बरंच पुढे असू शकतं, ते मी नाकारत नाही.

आणि कोच शोधतात ते टीव्हीवरून नाही हो. ते व्हिडिओ बघतात. हडलवर (मॅचचे व्हिडिओ ठेवायची साइट) मुलाच्या सगळ्या मॅचेस आहेत ना? स्काउट (पोरं शोधणारा) तेच बघतो, त्याला कॉमेंटरी लागत नाही.

प्लेनोकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री हा धागा मुलाला मोठ्याने वाचून दाखवला, त्याला मराठी समजतं पण वाचता येत नाही. झेंड्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मॅकची ती मॅच त्याला पाठ आहे, खेळी-खेळीसकट. ताईंनी भाच्याचं लिहिलंय त्यावर तो काहीच बोलला नाही, उठून खोलीत गेला. मग तासाभराने येऊन म्हणाला, डेप्थ चार्ट (कुठल्या जागेवर कोण कितव्या नंबरला ती यादी) काढू या.

काढला. पहिल्या कॉलेजला सेफ्टीच्या दोन जागांसाठी सात जण, त्यातले तीन गेल्या हिवाळ्यात पोर्टलमधून आलेले. दुसऱ्याला चार, त्यातले दोन शेवटच्या वर्षाला. अजून एक प्रश्न, पहिल्या कॉलेजला हे तोंडावर विचारलं तर ऑफर काढून घेतील का? मुलाची आई घाबरतेय.

अथेन्स_ओहायो

वहिनींना सांगा, घाबरू नका. ऑफर जायची असेल तर ती दुसरा एखादा मुलगा आधी हो म्हणाला म्हणून जाईल, तुम्ही विचारलं म्हणून नाही. चांगल्या कोचला असा बाप आवडतो. फक्त प्रश्न मुलाला स्वतःला विचारू द्या, तुम्ही शेजारी बसा. अठराव्या वर्षी त्या थंडीत तोच जाणार आहे. आणि जमलं तर नोव्हेंबरमध्ये मंगळवारी रात्रीच्या मॅचला एकदा प्रत्यक्ष जाऊन या, टीव्हीवर नाही, स्टँडमध्ये. जाड जॅकेट घ्या, मी शार्लटला असतो नाहीतर आलोच असतो.

दोन_मुलांची_आई

आणि कोलंबसवरून गेलात तर आमच्याकडे जेवूनच जायचं, भाचापण त्या आठवड्यात इथे असेल. तो फुटबॉलबद्दल कुणाशी बोलत नाही, पण काल मी त्याला तुमच्या मुलाचं सांगितलं तर म्हणाला, मला फोन करायला सांग. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

प्लेनोकर_बाबा

ताई, नंबर मिळाला. मुलगा आत्ता बाहेर अंगणात त्याच्याशीच बोलतोय, चाळीस मिनिटं झाली.